तिसरी जागा राखीव

"माप धरा," असं म्हणून नाना माझ्या ऑफिसच्या फरशीवर उताणे झोपले.

चपला दाराबाहेर, टोपी छातीवर, हात अंगालगत सरळ. गोठ्याचा प्लॅन न्यायला आलेला माणूस खुर्चीतून उठलाच. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर आली. मी टेप धरला. पाच फूट नऊ इंच भरले.

"दोन इंच जास्त धरा," नाना झोपल्या झोपल्या म्हणाले. "पाय आखडून मला झोप लागत न्हाई."

मिरजगावात हायवेच्या कडेला माझं प्लॅन काढून द्यायचं ऑफिस आहे. घरं, गोठे, गाळे, कांदाचाळी, असलं काढण्यात माझा जन्म चालला आहे. समाधीचा प्लॅन काढायला आलेलं हे पहिलंच गिऱ्हाईक. आपल्याकडे मळ्यामळ्यात समाध्या असतात, तुम्हीही पाहिल्या असतील. पण त्या गवंड्याला तोंडी सांगून होतात. जिथे अग्नी दिला तिथली राख सावडून झाली की चार विटांचा ओटा, वर फरशी, जमलं तर तुळस. त्याला नकाशा कोणी काढत नाही. नानांना मात्र नकाशा हवा होता, आणि तोही सही-शिक्क्याचा.

नाना हे त्यांचं नाव नव्हे. वस्तीवर सगळे तसं म्हणत, म्हणून मीही. त्यांची बायको त्या उन्हाळ्यात गेली होती. रस्त्याला लागून त्यांचं रान, थोडी ज्वारी, थोडी लिंबाची बाग. विहिरीजवळच्या कडुलिंबाखाली तिला अग्नी दिला होता, आणि तिच्या शेजारी त्यांना स्वतःची जागा करून ठेवायची होती.

मी म्हणालो, "नाना, राखेला एवढी लांबी कशाला? दोन बाय दोनचा ओटा पुष्कळ झाला."

"राखंला न्हाई लागत," ते म्हणाले. "मानसाला लागती."

पुढे दर बाजारच्या दिवशी ते येत आणि काही ना काही बदलून जात. मी कंबरेएवढा ओटा काढला, तर म्हणाले, "एवढं कोन चढंल? दुपारची भाकर खायला बसता आलं पायजे." वर छत्री काढली, तर म्हणाले, "राजं हाव का आमी?" मी डोकं दक्षिणेला दाखवलं. त्यावर बराच वेळ विचार करून म्हणाले, "मग इहीर पाठीमागं जाती. मोटर चालू हाय का बंद, कसं कळायचं?" खोटं कशाला सांगू, मला मजा येत होती. मरणाचा प्लॅन काढतो आहोत हे आम्ही दोघेही विसरत होतो.

मग एके दिवशी जागेवर आखणी करायला मी त्यांच्या रानात गेलो. नकाशावर दोन जागा होत्या. नानांनी काठीने जमिनीवर तिसरी रेघ ओढली.

"तीन करा."

"तिसरी कुणाची?"

"बाईची."

मी हातातला कप तसाच धरून बसलो. कारण तो चहा मला बाईनेच आणून दिला होता आणि ती चार पावलांवर मोटर चालू करत होती.

बाई म्हणजे नानांची लेक. लग्नानंतर दोन वर्षांत एक पेटी घेऊन परत आली. नवऱ्याने दुसरी आणली, हिला सोडचिठ्ठी दिली नाही आणि नेलंही नाही. तेव्हापासून नानांचं रान तीच बघत होती. औषध मारणं, लिंबं तोडून टेम्पोत भरणं, सगळं. अंगाने उंच, बोलायला मोकळी. बापाचं म्हणणं ऐकून ती हसली.

"जित्तेपणीच पुरता व्हय मला, नाना?"

मापाला मात्र ती आली नाही. नाना म्हणाले, "माझ्याच मापाची करा. माझ्यावर गेलीया."

नानांचा मुलगा नागापूरला एमआयडीसीतल्या कारखान्यात आहे. सुट्टीत आला आणि तीन चौथरे आखलेले बघून भडकला. त्याचं म्हणणं रीतीला धरूनच होतं. लेकीची राख माहेरच्या रानात ठेवत नाहीत.

"बहीन दिल्या घरची हाय, नाना. तिची जागा तिकडं."

नाना शांतपणे म्हणाले, "तिकडं चुलीपुढं जागा मिळाली न्हाई. मसनात मिळंल व्हय?"

मुलगा त्याच पावली परत गेला. तो गेल्यावर नाना बांधावर टेकले आणि त्यांनी मला खरा बेत सांगितला. "समाधी असलेल्या रानाला गिऱ्हाईक येत न्हाई. तिघांची हाय म्हनल्यावर त्याला इकायची सोय न्हाई. माझ्यामागं बाईला हितनं कोन उठवत न्हाई."

मी म्हणालो, "मग मृत्युपत्र करा ना. एवढा तुकडा तिच्या नावावर लिहा, रजिस्टर करून टाका. मी येतो बरोबर."

"कागद फाटतो," नाना म्हणाले. "दगड फाटत न्हाई."

हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते चार लोकांना ऐकवलं. मृत्युपत्राचा विषय मात्र पुन्हा काढला नाही. नाना अडाणी होते असं मी म्हणणार नाही. दगडाला सगळे भितात हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. कागद काय करतो ते मला माहीत होतं, आणि मी गप्प बसलो.

नकाशावर नावं घालायची वेळ आली. नानांच्या बायकोचं घातलं, नानांचं घातलं. त्यांनीच सांगितलं होतं. तिसऱ्या चौकोनात हात अडला. चालत्याबोलत्या बाईचं नाव समाधीवर कसं लिहायचं? मी तिथे 'राखीव' लिहिलं. नानांनी एकेक अक्षर लावून वाचलं.

"राखीव. म्हंजी राखंची?"

"नाही हो नाना, राखून ठेवलेली."

"एकच हाय वो," म्हणून ते हसले, आणि मीही हसलो.

समाधी झाली. काळ्या दगडाच्या तीन लाद्या, गुडघ्याएवढा ओटा, तोंड विहिरीकडे. मी जाता-येता बघायचो, नाना मधल्या लादीवर बसून भाकरी खात असायचे आणि तिसरीवर बाईने लिंबं निवडायला ओतलेली असायची. ज्वारी हुरड्यात आली तेव्हा नाना गेले. मधल्या लादीखाली त्यांची राख ठेवली, त्या दिवशी मी तिथे होतो. दोन इंच जास्तीचे तसेच राहिले.

वर्ष व्हायच्या आत एक प्लॉटिंगवाला माझ्याकडे आला. रस्त्याकडेची जमीन घेतली होती, ले-आऊट काढून हवा होता. गट नंबर वाचला, तो नानांच्या रानाचा होता. मुलाने ते विकलं होतं. मी समाधीचं विचारलं. "विधी करून कडेला घेऊ," तो म्हणाला. मला 'नाही' म्हणता आलं असतं. मी नाही तर दुसऱ्या कोणी काढला असता, अशी मनाची समजूत घातली आणि काढून दिला. कडुलिंब होता तिथे नऊ मीटरचा रस्ता आला.

जेसीबी आला त्या दिवशी भटजी बोलावले होते. दोन लाद्यांवर फुलं वाहिली, मंत्र म्हटले, खालची माती टोपलीत घेऊन कडेच्या कंपाउंडला नेली. तिसऱ्या लादीला विधी लागला नाही. तिथे कोणी नव्हतंच. ती तशीच बकेटने उचलून टाकली, तेव्हा दुभंगली.

त्यानंतर महिन्याभराने बाई ऑफिसात आली. मी तिला आधी ओळखलं नाही. पाठीत वाकली होती. नागापूरला भावाच्या दोन खोल्यांत राहते आणि एका वर्कशॉपात झाडलोट करते म्हणाली. हक्कसोडाच्या कागदावर तिनेच सही केली होती.

"सही केली न्हाई तर म्हायार तुटंल म्हनले," ती म्हणाली. "केली, तर म्हायार इकलं." रडली नाही. मग म्हणाली, "दगड तर गेला. नानांचा कागद ऱ्हायलाय का तुमच्याकडं?"

मी नकाशा काढून टेबलावर पसरला.

"माझी जागा कुठली?"

मी बोट ठेवलं. तिने वाकून बघितलं. "हितं माझं नाव न्हाई."

आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नाही. अख्ख्या जगात त्या बाईच्या हक्काची जागा दाखवणारा तेवढा एक कागद होता, आणि अशुभ नको म्हणून मीच त्यावर तिचं नाव घातलं नव्हतं. मी 'राखीव'वर काट मारली आणि सवयीने विचारलं, "पूर्ण नाव सांगा. आडनाव कोणतं लावता?"

तिने कोणतं सांगायचं? सासरचं सांगावं तर त्यांनी टाकलेली, माहेरचं सांगावं तर तिथलं सही करून सोडलेलं. मला हे विचारायच्या आधी सुचायला हवं होतं.

"नुसतं बाई लिव्हा," ती म्हणाली. "नाना तेवढंच म्हनायचे."

मी लिहिलं. शाई ओली होती, म्हणून तिने कागदाची घडी घातली नाही. दोन्ही हातांवर तो आडवा धरून ती एसटी स्टँडकडे चालत गेली.