जाड लाव गो

माझ्या आत्याच्या लेखी यंत्रालाही ताप यायचा. मिक्सर गरम झाला की ती त्याला सावलीत नेऊन ठेवी. पण सगळ्यात नाजूक तब्येत माझ्या कॉलेजच्या वेळच्या कॉम्प्युटरची. लग्न होऊन पुण्याला आले तेव्हा तो मी वरंधला तिच्या घरी ठेवून दिला होता, आणि तिनं त्याला घरातलंच एक माणूस करून टाकलं.

त्याच्यावर ती काही म्हणजे काही काम करायची नाही. चालू करून सोडून दिला की पडद्यावर निळ्या पाण्यात मासे फिरू लागत. दुपारची भांडी आवरून आत्या समोर चटईवर आडवी व्हायची. घाटावरचं धुकं दारातून आत यायचं, मासे फिरायचे, मशीनचा पंखा घरघरायचा आणि त्या आवाजावर तिचे डोळे मिटायचे. मीही कितीदा तिच्या शेजारी पडून राहिलेय. धुकं कुठं संपतं आणि पाणी कुठं सुरू होतं, तेच कळेनासं व्हायचं.

आई गेल्यावर माझं माहेर म्हणजे आत्याच. पण ती "ये" म्हणेल तर शपथ! एकटी राहायची, तरी "करमत नाय" हे शब्द तिच्या तोंडून कधी निघाले नाहीत. फोन यायचा तो असा: "डोस्कं तापलंय गो त्याचं. मध्येच झोपतो. बघून जातेस?" मलाही घरात, ऑफिसात नुसतं 'आठवण आली' सांगून निघता यायचं नाही. कारण मिळालं की मी भोरमार्गे घाट उतरून हजर.

पहिल्या वेळी मी फोनवर म्हटलं होतं, "आतला लेप वाळला असेल, नवा लावावा लागेल." आता आमच्याकडे डोकं दुखलं की सुंठ उगाळून कपाळावर लेप देतात. तिला दुसरा कुठला लेप ठाऊक असणार? जाऊन बघते तो काय, मशीनच्या पत्र्यावर, बरोबर कपाळ असावं अशा जागी, सुंठ थापलेली! मी पोट धरधरून हसले. "हसतेस काय? जरा उतार पडला," ती म्हणाली.

मग मी डबा उघडला. पंख्याखालचा धातूचा ठोकळा उचलला, तर प्रोसेसरवरचा लेप चुन्यासारखा सुकलेला. तो स्पिरिटच्या बोळ्यानं पुसला आणि महाडच्या बाजारातून आणलेल्या नळीतून नवा लेप ठेवला, तांदळाच्या दाण्याएवढा. ठोकळा बसला की तो आपोआप पसरतो. आत्याला हे मुळीच पटेना. "एवढुसाच? कंजूष कुठली! जाड लाव गो."

"जाड लावला तर ताप उतरत नाही, आत्या."

"तुमच्या पुण्याचं सगळं उलटंच."

नवा लेप लागला की मशीन थंड आणि पंखा मुका. मासे फिरत राहायचे, पण आवाज नाही. आत्या या कुशीवरून त्या कुशीवर व्हायची. "बोलत नाय गो तो. आता तू पण जाशील."

हा लेप खरं तर कितीतरी वर्षं टिकतो. आत्याचा फोन मात्र दोन-तीन महिन्यांत ठरलेला. एकदा न कळवता गेले, तर मशीनवर चार पदरी गोधडी पांघरलेली. आत पंखा जीव तोडून घरघरतोय आणि आत्या शेजारी गाढ झोपलीय. मी पावलं न वाजवता अंगणात परत गेले आणि मोठ्यानं हाक मारली. आत आले तर गोधडी घडी होऊन कोपऱ्यात.

"बरी आलीस. डोस्कं तापलंय त्याचं."

"बघते हं," म्हटलं आणि पिशवीतून नळी काढली. गोधडीचा विषय मी कधीच काढला नाही. काढला असता तर आमची भेटायची सबबच गेली असती.

गेल्या पावसाळ्यात फोन आला तो शेजारच्या वहिनींचा. या वेळी ताप आत्याला होता. वरंध घाट बंद, म्हणून आंबेनळीनं मोठा वळसा घालून पोचले. डॉक्टर गोळ्या देऊन गेले होते. मासे चालूच होते. "डोस्कं दुखतंय," ती पुटपुटली. मी सुंठ उगाळली आणि हाताच्या सवयीनं तिच्या कपाळावर मधोमध दाण्याएवढा ठिपका ठेवला.

तिनं एक डोळा उघडला. "मी काय मशीन हाय? जाड लाव गो."

मग कपाळ भरून लावला, पार कानशिलापर्यंत. हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही. लेप वाळेपर्यंत मी हात काढला नाही. त्याच आठवड्यात ती गेली.

मशीन आता पुण्यात माझ्याकडे आहे. लेप शाबूत आहे, पंखा ऐकूही येत नाही. एखाद्या दुपारी घर फारच गप्प वाटलं की मी त्याच्यावर आत्याची गोधडी पांघरते आणि तो बोलायला लागेपर्यंत शेजारी पडून राहते.