सासूबाईंची कवळी आणि बादलीतला मासा

दातांच्या लॅबमध्ये त्याला सगळे एक्स्प्रेस म्हणायचे. डॉक्टरांनी सकाळी माप पाठवावं आणि संध्याकाळी कवळी हातात घ्यावी, असा त्याचा झपाटा. बाकीचे कारागीर प्लास्टर सुकायची वाट बघत गप्पा हाणायचे, तोवर यानं दुसऱ्याच कवळीचं मेण कोरायला घेतलेलं असायचं. डॉक्टर खूश, मालक खूश. तक्रार करणारं माणूस जगात एकच होतं, आणि नेमकं तेच त्याच्या घरात राहत होतं.

सासूबाईंची कवळी त्यानंच केली होती. घरचंच माणूस म्हणून एका बैठकीत उरकून टाकली होती. ती खालच्या हिरडीला टोचायची. सासूबाई दर जेवणाला ती काढून ताटाशेजारी पालथी ठेवायच्या, म्हणजे जावयाला नीट दिसावी. यावर तो वर्षानुवर्षं एकच सांगत आला होता, की होईल सवय.

त्याचा खरा जीव अडकला होता गप्पी माशांत. मागच्या खोलीत भिंतभर काचेच्या टाक्या. कोणी पाहुणा आला की हमखास विचारायचा, हे डासांसाठी गटारात सोडतात तेच का? झालं, याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. अहो, कुठे ते करडे काडीएवढे मासे आणि कुठे हे! त्याला स्वतःचा वाण काढायचा होता. अंगानं काळाकुळकुळीत नर, आणि शेपूट अंगाहून मोठी, उघडलेल्या पंख्यासारखी. त्यासाठी माद्या वेळेवर वेगळ्या काढायच्या, कारण एकदा भलत्या नराशी गाठ पडली की मादी पुढे कित्येक महिने त्याचीच पिल्लं देत राहते. हे सगळं तो डोळ्यांत तेल घालून करायचा. आणि तरीही दर वर्षी प्रदर्शनात परीक्षक टाकीपुढे वाकायचे, मान डोलवायचे आणि म्हणायचे, रंग झकास आहे हो, शेपूट तेवढी लहान पडली.

दर वर्षी तेच! त्यानं खाणं बदललं, पाणी बदललं, दिवे बदलले. शेपूट वाढायचं नाव घेईना. उलट पिढीगणिक आखडतच चालली. एकदा वैतागून त्यानं टाकीवर झाकण असं आदळलं की काच तडकली आणि खोलीभर पाणीच पाणी. पुसायला कोण, तर बायको. त्या दिवशी तिनं स्वच्छ सांगून टाकलं. आई या वयात बाहेर सोफ्यावर झोपते आणि मासे आत खोली अडवून बसलेत. यंदा बक्षीस आलं तर ठीक, नाहीतर टाक्या जातील आणि आई आत येईल. एक्स्प्रेसनं मुकाट्यानं मान हलवली. पायाखाली अजून पाणी होतं, वाद कुठल्या तोंडानं घालणार?

मासे निवडायची त्याची रीत सोपी होती. पिल्लं जरा मोठी झाली की जाळी घेऊन बसायचं. ज्या नरांवर सगळ्यांत आधी रंग चढला ते हुशार, ते पुढच्या पिढीचे बाप. ज्यांच्यावर तोवर रंग नाही ते मठ्ठ, ते बादलीत. जास्तीच्या माद्याही त्यातच. वाट बघणं याच्या रक्तातच नव्हतं. सासूबाई मात्र ती बादली मोरीत ओतू देत नसत. बाल्कनीत नातीच्या लहानपणचा आंघोळीचा टब पडून होता, त्यात त्या या सगळ्या मठ्ठांना पोसायच्या. आणि एक्स्प्रेसनं त्या टबात कधी डोकावूनही पाहिलं नव्हतं.

प्रदर्शनाच्या त्या आठवड्यात तो टॉवेल वाळत घालायला बाल्कनीत गेला. टबातल्या शेवाळातून एक मासा वर आला. काळाकुळकुळीत. त्याच्या मागून शेपूट आली, आणि येतच राहिली. एक्स्प्रेसच्या हातातला टॉवेल खाली रस्त्यावर गेला.

"आई, हा कुठला?" टबाशेजारी बसलेल्या सासूबाईंना त्यानं विचारलं.

"तुमचाच. बादलीतला. रंग उशिरा आला बिचाऱ्याला."

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. जो मासा घाईनं रंगतो त्याची वाढ तिथेच थांबते, शेपूटही तेवढीच राहते. जो रेंगाळतो तो आधी अंग धरतो, शेपूट धरतो, मग सावकाश रंगतो. म्हणजे इतकी वर्षं हा दर पिढीतले उतावळेच निवडत बसला होता, आणि मोठ्या शेपटीचे सगळे बाप आपल्याच हातानं बादलीत टाकत होता. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं त्याला.

त्यानं मासा मागितला. सासूबाईंनी शांतपणे तोंडातली कवळी काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

"आधी ही नीट बसवा, जावईबापू. मग न्या मासा."

बक्षीस आलं तर म्हातारीची खोली जाणार होती, म्हणून ही पाचर असणार, असं त्याच्या मनात येऊन गेलं. पण अडला होता तो. खरं तर नवीन माप घ्यायला हवं होतं. मेणाची कवळी आधी तोंडात बसवून बघायला हवी होती. यानं काय केलं, तर लॅबमध्ये नेऊन नुसती कड घासली, चकाकी आणली आणि संध्याकाळी हजर! सासूबाईंनी सफरचंदाची फोड चावली, कवळी काढली, ताटाशेजारी पालथी ठेवली. यानं पुन्हा नेली, दुसरीकडून घासली. आता ती दुसरीकडे टोचायला लागली. असं करता करता प्रदर्शनाची सकाळ उजाडली.

सासूबाई आंघोळीला गेल्या. आतून नळाचा आवाज आला आणि हा जाळी घेऊन बाल्कनीत. मोठ्या शेपटीचा मासा जाळीनं धरायचा नसतो. पेला पाण्यात बुडवून धरायचा आणि त्याला आपणहून आत येऊ द्यायचं. हे त्याला ठाऊक नव्हतं थोडंच! पण त्याच्याकडे मोठ्या शेपटीचा मासा होता कधी? आखूड शेपट्या जाळीनं उचलून उचलून हाताला तेच वळण लागलेलं. तेवढ्यात नळ बंद झाला. त्यानं जाळी मारली, मासा तडफडला, शेपूट जाळीत अडकली. परत पाण्यात सोडला तेव्हा ती मधोमध उभी फाटली होती.

सासूबाई ओल्या केसांनी बाहेर आल्या. त्यांनी टबात पाहिलं, जाळीकडे पाहिलं आणि ती त्याच्या हातातून काढून घेतली.

प्रदर्शनात तो आपलेच टाकीतले मासे घेऊन गेला. परीक्षक वाकले, मान डोलवली, रंगाचं कौतुक केलं आणि पुढचं वाक्यही बोलले. टाक्या मागेल त्याला देऊन टाकल्या. सासूबाई आतल्या खोलीत गेल्या आणि त्यांचा टब खिडकीखाली गेला.

आता तो आपल्याच जुन्या खोलीच्या दारावर टकटक करून आत जातो. त्यानं नवीन माप घेतलं. प्लास्टर पुरतं सुकू दिलं. एक्स्प्रेस हात बांधून बसलेला बघून लॅबमधले हसले, तेही त्यानं ऐकून घेतलं. मेणाची कवळी तोंडात बसवून पाहिली, मोडली, पुन्हा केली. परवा शेवटी तयार कवळी घेऊन गेला. सासूबाईंनी ती घातली आणि सफरचंदाची फोड चावू लागल्या. किती वेळ चावल्या, देव जाणे. तो जीव मुठीत धरून टबाकडे बघत उभा. मासा वर आला. शेपटीची फाट भरून आली होती, पण वाकडी जुळली होती. शेवाळात बारीक पिल्लं होती, सगळी करडी.

"ही त्याची?"

"असतील."

"रंग कधी येईल यांना?"

"तुम्हाला कुठे गाडी पकडायची आहे?" सासूबाई म्हणाल्या. मग कवळी काढून त्यांनी त्याच्या तळहातावर ठेवली. "डावीकडे अजून जरा टोचतेय."

तो आतून असा पेटला की कवळी खिडकीबाहेर भिरकावावीशी वाटली. होईल सवय, हे शब्द अगदी ओठांवर आले होते.

"बघतो," तो म्हणाला, आणि टबाशेजारी बसून त्यानं खिशातली बारीक कानस काढली.