प्रोजेक्टर आणि माझ्या दाराची कडी

घरात मोठी वस्तू यायची ठरली की वस्तूच्या आधी तिचे किस्से येऊन बसतात. आमचा फ्रिज दोन किश्शांत आला, वॉशिंग मशीन तीनांत. प्रोजेक्टरच्या वेळी मात्र किश्शांना बसायला जागा पुरेना!

सुरुवात मोजायच्या टेपने झाली. माझा मुलगा प्रशांत रविवारी सकाळी माझ्या खोलीत आला. "आई, जरा पाय वर घे." मी घेतले. त्याने पलंगामागची भिंत मोजली, मग खिडकी मोजली.

"कपाट करतोयस?"

"नाही गं, असंच."

असंच कोण भिंत मोजतं? संध्याकाळी सून चहा घेऊन आली. वैशाली एरवी गोडच आहे, त्या दिवशी जरा जास्त. "आई, हॉलमध्ये हवा काय मस्त येते ना! आणि दिवाण किती ऐसपैस आहे!"

"हो ना," म्हटलं, "मग तू झोप तिथे!"

तेव्हा खरं बाहेर आलं. यांना होम थिएटर करायचंय, त्याला काळोखी खोली लागते, आणि चारकोपच्या आमच्या फ्लॅटमध्ये काळोख करता येईल अशी खोली एकच. माझी!

गिरणी कामगाराच्या घरात लग्न होऊन आले तेव्हा एका खोलीत नऊ माणसं होती. बिल्डिंग नव्याने बांधली तेव्हा कुठे म्हातारपणी मला दार मिळालं, आतून कडी लागणारं. ते प्रोजेक्टरला देऊ? प्रोजेक्टरला कडी लावून काय करायचंय!

*

खालच्या मजल्यावरचे सावंत म्हणाले, "काकी, आधी आमचा बघा, मग ठरवा." त्यांनी साधा प्रोजेक्टर घेतलाय. पडद्याच्या जागी बेडशीट, खिडक्यांना काळा कागद. आम्ही सगळे गेलो. पंखा लावला की हिरोइनचं नाक हलायचं, पंखा बंद केला की आम्ही घामाने निथळायचो.

"काळोख पाहिजे, काकी! काळोखातच मजा!" सावंत म्हणाले.

स्वयंपाकघरातून त्यांची बायको ओरडली, "कसली मेली मजा! तांदूळ निवडायला मला जिन्यात बसावं लागतं!"

प्रशांत कौतुकाने काळा कागद बघत होता. मी प्रशांतकडे बघत होते.

*

शाळा माझी चौथीपर्यंत. पुढचं सगळं माझं मी शिकले. इंग्रजी तर औषधांच्या खोक्यांवरून! मग हा प्रोजेक्टर काय आभाळातून पडलाय? रोज दुपारी कानात इअरफोन घालून मोबाइलवर व्हिडिओ बघायला लागले.

"आई, एवढं काय ऐकता हो?" वैशालीने विचारलं.

"कीर्तन."

एके दिवशी वायर निसटली आणि मोबाइल खणखणीत आवाजात बोलला, "दोस्तों, लेझर में ब्राइटनेस ही असली चीज है!"

वैशालीने वाकून मोबाइलच्या स्क्रीनवर बघितलं.

"बुवा उत्तरेकडचे आहेत," म्हटलं.

*

शेवटी अंधेरीच्या दुकानात जायचं ठरलं. मी माझ्याबरोबर हिराला घेतलं. हिरा मढची. वर्षानुवर्षं आमच्या दारात मासे घेऊन यायची. आता तिच्या अंगणात शूटिंग होतात, म्हणून लाइटमधलं सगळं तिला कळतं, असं तिचं म्हणणं.

सेल्समनने मिट्ट काळोख केला आणि पडद्यावर मासळी बाजार लावला. "बघा मावशी, कलर कसे जिवंत!"

हिरा उठून पार पडद्याला नाक लावून उभी राहिली. "काय गो हे! असे लाल कल्ले कुठल्या माशाचे असतात? रंग मारलाय!"

"रंग नाही हो, सेटिंग आहे. शोरूममध्ये थोडं वाढवून ठेवतो आम्ही."

"आमच्या बाजारात पण काहीजणी वाढवून ठेवतात," हिरा म्हणाली, "पण त्याला सेटिंग म्हणायचं सुचलं नव्हतं कोणाला!"

*

मग त्याने वाघ लावला. दोन पडद्यांवर दोन वाघ, शेजारी शेजारी. एक छताला टांगायच्या प्रोजेक्टरमधून येत होता. प्रशांतचा जीव त्याच्यावरच होता. दुसरा महागडा, लेझरवाला, भिंतीला खेटून खाली ठेवायचा.

"बघितलंस, आई? काही फरक नाही. उगाच कशाला जास्त घालवायचे!"

काळोखात खरंच दोन्ही वाघ सख्खे भाऊ वाटत होते.

"दिवे लाव," मी सेल्समनला म्हटलं.

"आजी, दिवे लावून कोणी पिक्चर बघतं का?"

"आजी घरी. इथे गिऱ्हाईक. तू दिवे लाव."

त्याने लावले. पहिल्या पडद्यावरचा वाघ गेलाच! राखाडी मांजर उरलं, तेही धुऊन दोरीवर टाकल्यासारखं. दुसरा वाघ जागचा हलला नव्हता. किंचित फिका झाला असेल, पण वाघ तो वाघच.

"हा हॉलमध्ये चालेल? ट्यूबलाइट चालू ठेवून?"

"अगदी! हॉलसाठीच घेतात हा. काळोखाची गरजच नाही."

"हाच बांधून दे."

प्रशांतने माझा दंड धरला. "आई, कोथिंबिरीच्या जुडीसाठी भाजीवाल्याशी तासभर भांडतेस तू. आणि आता महागडा घे म्हणतेस?"

"पिक्चर नीट दिसायला हवा, बाबा. डोळे म्हातारे झाले माझे."

हिराने पदर तोंडात धरला. वैशालीने मान खाली घालून हळूच विचारलं, "हे बुवांनी सांगितलं का हो, आई?"

प्रशांत माझ्याकडे बघत राहिला. मी वाघाकडे बघत होते. लख्ख उजेडात त्याचा पट्टा न् पट्टा दिसत होता.