समुद्राची तालीम

छत्रपती संभाजीनगरला समुद्र नाही. औरंगाबाद होतं तेव्हाही नव्हता. तरीही एका वर्षी दसऱ्यापासून पुढे दर रविवारी आम्ही आठ-दहा बायका लेण्यांच्या मागच्या डोंगरात समुद्रकाठच्या जंगलातून चालण्याची तालीम करत होतो, आणि आमच्यापैकी कुणालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. याचं सगळं श्रेय आमच्या बाईंना.

बाई आमच्याच कॉलनीतल्या, शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. माहेर कोकणातलं, समुद्राला लागून. लग्न होऊन इकडे आल्याला उभा जन्म झाला, पण डोक्यातून कोकण गेलं नव्हतं आणि निवृत्त होऊनही गळ्यातली शिट्टी गेली नव्हती. लहानपणी नवरात्र संपलं की दर रविवारी त्यांच्या गावच्या पोरी घोळक्यानं घरामागच्या जंगलात शिरायच्या आणि उतरत उतरत थेट समुद्रावर निघायच्या. "शेवटचं झाड संपतं आणि समोर एकदम पाणी," असं बाई सांगायच्या. माहेरचं घर आता बंद होतं. दिवाळी झाली की आम्हा सगळ्यांना तिथं न्यायचं आणि त्याच वाटेनं समुद्रावर उतरवायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

बाकीच्यांचं मला माहीत नाही, मी मात्र त्या एका वाक्यासाठी गेले. साठी ओलांडली तरी मी समुद्र पाहिला नव्हता. सगळी नोकरी फुलंब्रीच्या तहसील कचेरीत गेली, आणि आमच्या घरात कोकणचा बेत ठरला की हमखास कुठली तरी निवडणूक लागायची. लोकशाहीला माझी फार गरज असायची. घरचे जाऊन यायचे आणि माझ्यासाठी शंख आणायचे. बरणीभर शंख जमले होते. कानाला लावला की समुद्र ऐकू येतो म्हणतात. मला नेहमी छताचा पंखाच ऐकू आला. समुद्र पाहिला नाही हे चारचौघांत सांगायची लाज वाटायची, म्हणून कुणी विषय काढला की मी चहा टाकायला उठायचे.

तर तालीम. आमचे डोंगर आश्विनात कसे असतात ते इथल्यांना सांगायला नको. गवत पिवळं पडलेलं, तरवड फुललेला, ऊन चैत्रासारखं, आणि कुसळं अशी की घरी गेल्यावर सलवारीतून वेचण्यात दुपार जायची. या रखरखाटात बाई शिट्टी वाजवून म्हणायच्या, "इथे ओढा आहे असं समजा." आम्ही कोरड्या नाल्यात उतरून कपडे घोट्याच्या वर धरायचो आणि जपून पलीकडे जायचो. "आता इथे जळवा आहेत असं समजा." आम्ही पाय झटकायचो. एकदा एक मेंढ्या राखणारा माणूस बराच वेळ हे बघत उभा राहिला. शेवटी त्यानं विचारलं, "काय हरवलं का वो तुमचं?" बाई म्हणाल्या, "समुद्र." त्यानं शांतपणे मान हलवली आणि मेंढ्या दुसरीकडे वळवल्या.

बाईंचा एक नियम होता. जंगलात मागे राहणारी माणसं हरवतात, म्हणून जी तीनदा शेवटी पोचेल ती बाद. खो-खोतला शब्द होता आणि तो त्या खो-खोतल्यासारखाच उच्चारायच्या.

नियम चांगला होता, पण तो आमच्या गावात चालणारा नव्हता. वाटेत एक अरुंद खिंड होती, एका वेळी एकीनंच जाण्याजोगी. तिथं पोचलं की आमची अख्खी फौज थांबायची. "चला, तुम्ही व्हा पुढं." "नाय नाय, तुम्ही आधी." "असं कसं, तुम्ही मोठ्या." उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या एक आपा आमच्यात होत्या, त्या तर पदर सावरून बाजूलाच व्हायच्या आणि म्हणायच्या, "पहले आप निकलो, हम आते आरामसे." पुढं घुसणं म्हणजे संस्कार नाहीत असं इथं मानतात. निदान तीनदा नको म्हटल्याशिवाय कुणी हलत नाही. पलीकडे बाई शिट्टी फुंकून लालबुंद व्हायच्या आणि अलीकडे आम्ही एकमेकींना मान देत घामाघूम. कोकणात म्हणे ज्याला जायचं असतं तो सरळ जातो. तिकडची माणसं फटकळ असतील, पण त्यांची पोरं वेळेवर समुद्रावर पोचायची हे खरं.

माझं वजन आणि माझे गुडघे यांच्या कृपेनं पहिल्या दोन रविवारी मी शेवटी आले होते. शेवटच्या रविवारी मात्र मी पेटले होते. वाटेत सीताफळं पिकली होती, डोळे उघडून बघत होती माझ्याकडे, तरी मी एकाला हात लावला नाही. खिंडीशी पोचले तेव्हा माझ्या मागं एकच बाई होती, आमच्या शेजारची, वयानं माझ्यापेक्षा पुष्कळ लहान. मी पाय उचलला. आणि नेमकी तेव्हाच जन्मभराची सवय तोंडातून बाहेर पडली. मी बाजूला झाले आणि म्हणाले, "चल, तू हो पुढं."

ती झाली.

एकदासुद्धा नको म्हणाली नाही. "थँक्यू हां ताई," म्हणाली आणि खिंडीतून शेळीसारखी निघून गेली. मी तिथं उभी, उरलेल्या दोन आग्रहांची वाट बघत. पलीकडे शिट्टी वाजली. "बाद," बाई म्हणाल्या. नजर खाली होती, पण म्हणाल्या.

मला एवढा राग आला होता की उतरताना मी पाच सीताफळं खाल्ली आणि बिया शेजारणीच्या दिशेनं थुंकल्या. घरी येऊन मात्र रडले. यजमान म्हणाले, "अगं, बाद झालीस तर झालीस. आपण जाऊ की गाडी करून." मी म्हटलं, "मला गाडीच्या काचेतून नाही बघायचा. झाडं संपतात तिथून बघायचाय." हे असं मोठ्यानं म्हणेपर्यंत मलाही ते ठाऊक नव्हतं.

दिवाळी झाली. निघायचा दिवस जवळ आला तशी बायकांची एकेक अडचण उगवू लागली. एकीची साखर वाढली, एकीची सून दिवसांत होती, शेजारणीच्या नवऱ्याला फक्त तिच्या हातचाच स्वयंपाक चालतो असा शोध लागला. मला हे भाजीवाल्याच्या गाड्याशी कळत होतं. बाईंना कुणीच कळवलं नव्हतं, कारण आमच्याकडे तोंडावर नाही म्हणत नाहीत. समोरच्याचं मन दुखतं. त्याऐवजी सगळ्यांनी त्यांना तेच सांगितलं, जे आम्ही इथं न जायच्या प्रत्येक ठिकाणी सांगतो, "बाई, तुम्ही व्हा पुढं, आम्ही आलोच मागून." इथल्या कुणालाही याचा अर्थ सांगावा लागत नाही. लग्नाला बोलावणाराही हे ऐकलं की तेवढी पानं कमी धरतो.

निघायच्या आदल्या संध्याकाळी बाई माझ्याकडे आल्या. हातात घराची किल्ली. "तुम्ही इथेच आहात ना, माझ्या तुळशीला पाणी घालाल का?" मी बाद झालेली, म्हणून तुळस माझ्याकडे. मी मनात काय म्हटलं ते लिहीत नाही.

मग त्या बसल्या आणि खुशीत सांगू लागल्या. "सगळ्या मागच्या गाडीनं येताहेत, परवा. बरंच झालं. मी उद्या पुढे जाते, घर झाडून घेते. गाद्या एक दिवस उन्हात टाकल्या की वास जाईल. आपांसाठी खाट ठेवलीय, त्यांना खाली बसवत नाही."

माझा सगळा राग जागच्या जागी बसला. या बाईनं इथं जन्म काढला, इथल्या पोरांना पळायला शिकवलं, इथल्या बायकांना कोरड्या नाल्यात पोहायला लावायचंच काय ते बाकी ठेवलं, आणि एवढी साधी गोष्ट तिला कळली नव्हती. ती आता बंद घर उघडणार, गाद्या उन्हात टाकणार, आणि एसटीच्या थांब्यावर जाऊन बसणार. एक गाडी जाईल, दुसरी जाईल.

सांगायला हवं होतं. मी तोंडही उघडलं. "बाई, ते असं आहे बघा," इतकं म्हणाले. त्या माझ्याकडे पाहून हसत होत्या. साठ वर्षांच्या वळणाला एका संध्याकाळीत कोण मोडणार? माझ्या तोंडून शेवटी निघालं तेही तेच.

"बाई, तुम्ही व्हा पुढं. मी आलेच मागून."

त्यांचं हसू जरा थांबलं. "तुम्ही तर बाद आहात."

"व्हय," मी म्हटलं. "म्हणून तर मागून येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळशीची किल्ली मी शेजारणीच्या हातात ठेवली आणि म्हटलं, तुला पुढं व्हायची आवड आहे, पाणीही तूच घाल. तिसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं पुणे, तिथून पुढची गाडी, आणि मग एक खडखडणारी छोटी गाडी. कंबर मोडली. संध्याकाळच्या सुमारास उतरले तर थांब्यावर बाई बसलेल्या, गळ्यात शिट्टी. त्यांनी माझ्या मागं बसच्या दारात पाहिलं. कंडक्टरनं दार ओढून घेतलं. गाडी गेली तरी त्या तिकडेच बघत होत्या.

"आणि बाकीच्या?"

मी हातातली पिशवी खाली ठेवली. त्यांनी ती उचलली आणि चालू लागल्या. घरात ओटीवर गाद्या ओळीनं घातलेल्या होत्या, चादरी ताणून, आणि भिंतीशी आपांची खाट. त्या रात्री आम्ही दोघीच जेवलो, आणि भात फार उरला.

सकाळी जंगलात शिरलो. ओढा खराच होता. जळवाही खऱ्या होत्या. एक माझ्या पोटरीला चिकटली तेव्हा मी विचारलं, "ही आहे असं समजायचं, की खरंच आहे?" आणि बाई दोन दिवसांत पहिल्यांदा हसल्या. त्या पुढं, मी मागं. पायवाट घसरडी, झाडं इतकी दाट की वर बघून वेळ कळेना. मग पुढं उजेड दिसू लागला आणि एक आवाज येऊ लागला. पंख्याचा नव्हता.

शेवटच्या झाडाशी बाई थांबल्या. त्यांनी एका हातानं खोडाला धरलं, वाटेतून बाजूला झाल्या, आणि जन्मात पहिल्यांदा आमच्या बोलीत म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढं."

मी एकदासुद्धा नको म्हणाले नाही.