समुद्राकाठी लावलेली दशहरी

लखनौच्या चारबाग स्टेशनवर हमालानं आमचं सगळं सामान डोक्यावर घेतलं, पण एका डब्याला शांतानं त्याला हात लावू दिला नाही. तुपाच्या त्या रिकाम्या डब्यात मलिहाबादहून आणलेलं दशहरी आंब्याचं हातभर कलम होतं. "इसे हम खुद ले जाएँगे, भैया," ती म्हणाली, आणि पुढचे दोन दिवस ते कलम कधी तिच्या मांडीवर, कधी खिडकीशी तर कधी माझ्या पायांत असा प्रवास करत राहिलं. कोकणात आंब्याचं झाड घेऊन निघालेली दुसरी माणसं मी तरी पाहिलेली नाहीत. तसं मी बायकोला म्हटलंही. "तिथं हापूस असेल, दशहरी कुठं आहे?" असं तिनं मलाच विचारलं.

पोचवायला आलेली आमची मुलगी रश्मी खिडकीतून म्हणाली, "पापा, वहाँ करोगे क्या? मछली पकड़ोगे?" तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतूनच येतं. मी म्हटलं, "समुद्राकडे बघत बसू." गाडी हलली आणि शांतानं डबा छातीशी धरला.

आमची अडचण साधी होती. येत्या मार्चमध्ये मी सरकारी नोकरीतून रिटायर होणार आणि अमौसीजवळचं क्वार्टर सोडावं लागणार. बावीस वर्षं लखनौत काढली, पण स्वतःची म्हणावी अशी वीतभर जागा केली नाही. वर्ध्याकडच्या माझ्या गावी भावांची घरं भरलेली आहेत, तिथं आम्ही पाहुणे. शांताला मात्र एकच हौस, समुद्राजवळ राहण्याची. लग्नानंतर एका सहलीत तिनं समुद्र पाहिला, त्या दिवसापासून तिचं हे खूळ सुरू झालं. कचेरीतल्या एका सहकाऱ्याच्या ओळखीनं दक्षिण कोकणातल्या एका छोट्या गावातले निवृत्त शिक्षक सापडले. त्यांच्या बहिणीचं दोन खोल्यांचं घर त्यांच्याच आवारात रिकामं पडलं होतं आणि ते विकत द्यायचं होतं. चार पत्रं गेली, चार आली. शेवटच्या पत्रात त्यांनी लिहिलं होतं, 'शेजाराला माणसं हवीत हो, घराला कुलूप पाहवत नाही.' ते वाचून शांता दुसऱ्याच दिवशी मलिहाबादला जाऊन कलम घेऊन आली. त्या गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहून काय करायचं?

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आम्ही बौद्ध. शांता रोज सकाळी गॅस पेटवण्याआधी स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्यानं त्रिशरण-पंचशील म्हणते. म्हणते म्हणजे म्हणायची. सूर कधी लागायचा नाही, पण आवाज जिन्यापर्यंत जायचा. रश्मी त्याला 'मम्मी का अलार्म' म्हणायची. गाडीत भोपाळ आलं तेव्हाही तिनं बर्थवर बसून सगळा पाठ म्हटला. समोरच्या कानपूरच्या म्हातारबांनी हात जोडले आणि म्हणाले, "माताजी, मन प्रसन्न हो गया." लखनौत जात विचारत नाहीत असं नव्हे. चांगली खोदून विचारतात. पण मराठी आडनावातून त्यांना काही उलगडत नाही, आणि माझं आडनाव तर असं की महाराष्ट्रातही त्यावरून पटकन पत्ता लागत नाही. बावीस वर्षं आम्ही 'महाराष्ट्र वाले' एवढ्याच नावानं जगलो. त्याची सवय होऊन जाते. सवय झाली हीच चूक झाली.

मुंबईहून एसटीच्या लाल गाडीनं दुसऱ्या दिवशी सकाळी उतरलो तेव्हा अंग आंबून गेलं होतं आणि कलमाची दोन पानं गळली होती. रिक्षावाल्यानं डब्याकडे पाहत विचारलं, "तुमी खंयसून इलास?" (तुम्ही कुठून आलात?) मी म्हटलं, "लखनौ से." मराठी माणसाला मराठी मुलखात हिंदीतून उत्तर दिलं म्हणून मी ओशाळलो आणि शांता तोंडाला पदर लावून हसत राहिली. पावसाळा नुकताच सरला होता, जिकडेतिकडे हिरवं होतं. एका वळणावर माडांच्या मधून समुद्र दिसला आणि तिचं हसणं थांबलं. तिनं माझं मनगट घट्ट धरलं. वीस-पंचवीस वर्षांत मी तिला काय दिलं असेल ते असेल, पण हे द्यायचं राहिलं होतं, असं मला तेव्हा फार वाटलं.

लॉजवर सामान टाकून गुरुजींकडे गेलो. सत्तरीचे, बारीक अंगाचे, पांढरा लेंगा आणि बनियन. मुलं मुंबईला, घरात नवरा-बायको दोघंच.

"मासे खाता ना?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"खातो की! लखनौत गोमतीचे मिळतात, पण त्यांना चव नाही," मी म्हटलं.

"मग जमलं! अगो, पान वाढ सगळ्यांना."

त्यांच्या बायकोनं, काकूंनी, उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचं तिखलं (घट्टसर तिखट कालवण) आणि सोलकढी वाढली. शांतानं तीन वेळा सोलकढी मागून घेतली. काकूंनी तिला आपल्या हातानं शेवंतीची वेणी माळली आणि म्हणाल्या, "आता संध्याकाळी बोलायला कोणीतरी झालं बाई मला."

जेवण झाल्यावर घर पाहिलं. चिऱ्याच्या भिंती, पुढं लहानशी पडवी, मागं परडं (घरामागची बाग). परड्याच्या टोकाला उभं राहिलं की समुद्राची एक पट्टी दिसे. शांता त्या टोकाला जाऊन उभी राहिली ती परत येईना. मग तिनं कलमाचा डबा पुढं केला. गुरुजी खळखळून हसले. "अहो, माशाला पोहायला शिकवायला आलात तुम्ही!" पण लगेच त्यांनी स्वतः कुदळ आणली, जागा निवडली, खड्डा खणला. "लावा. घर तुमचंच झालं आता." काकूंनी विहिरीवरून पाण्याची कळशी आणून दिली. शांतानं कलम लावलं, माती दाबली, पाणी घातलं. मग ती उठली, हात जोडले, डोळे मिटले आणि घर मिळालं की आमच्याकडे जसं म्हणतात तसं मोठ्यानं म्हणायला लागली.

पहिल्याच शब्दाला मी गुरुजींच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बावीस वर्षांत जी भीती वाटली नव्हती ती एका क्षणात परत आली, जणू लहानपणच्या वर्ध्याच्या शाळेतच उभा होतो. तिला थांबवावं असं वाटलं. मी थांबवलं नाही, याचं श्रेय मला नाही, मला हिंमतच झाली नाही.

गुरुजींनी आधी भक्तिभावानं हात जोडले होते. पाठ संपला तेव्हा त्यांचे हात खाली आले होते. "हे कुठलं हो स्तोत्र?" त्यांनी हळूच विचारलं.

"त्रिशरण-पंचशील. आम्ही बौद्ध ना," शांता म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर अजून तोच आनंद होता.

"असं होय. छान, छान," गुरुजी म्हणाले. काकू आत गेल्या. चुलीवर आमच्यासाठी चहा ठेवला होता, त्याचा आल्याचा वास पडवीपर्यंत येत होता. आम्ही अर्धा तास बसलो. गुरुजी पावसाबद्दल बोलले, नारळाच्या रोगाबद्दल बोलले. चहा बाहेर आला नाही. शेवटी मीच उठलो आणि म्हटलं, "उद्या येतो, कागदाचं बोलू." ते म्हणाले, "बघू, बघू."

रस्त्यात शांता परड्यात मोगरा कुठं लावायचा, रश्मी आली की कुठं झोपेल, हेच सांगत होती. मी हूं हूं करत होतो. चहा आला नाही हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजीच लॉजवर आले. हातात आमचं कलम होतं. मुळांभोवती ओलं गोणपाट व्यवस्थित गुंडाळून सुतळीनं बांधलं होतं. त्यांनी ते टेबलावर ठेवलं आणि खुर्चीवर बसले नाहीत.

"बहिणीच्या मुलांशी फोनवर बोललो. त्यांचा विचार बदलला. घर द्यायचं नाही म्हणतात."

"एका रात्रीत?" मी विचारलं.

"माझं स्वतःचं काही नाही हो. पण गावात राहायचं आहे मला." ते माझ्याकडे बघत नव्हते. मग कलमाकडे बोट करून म्हणाले, "फार सांभाळून काढलं. मुळाला धक्का लागू दिला नाही."

शांता दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. केसांत कालची वेणी तशीच होती. ती काढून तिनं टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "ही काकूंना द्या." गुरुजींनी ती घेतली की नाही ते मी पाहिलं नाही.

परतीची एसटी दुपारची होती. तोवर किनाऱ्यावर जाऊन बसलो. होड्या वाळूवर ओढून ठेवल्या होत्या, बायका मासळी निवडत होत्या, समुद्र कालच्याइतकाच सुंदर होता आणि मला तो नकोसा झाला होता. शांतानं विचारलं, "मी गप्प बसायला हवं होतं का?"

तेव्हा मी म्हणायला हवं होतं, नाही. अजिबात नाही. माणसानं आपल्या आनंदात आपलंच बोलावं. पण क्वार्टर, मार्च महिना, परड्याच्या टोकाची ती निळी पट्टी, सगळं एकदम तोंडाशी आलं आणि मी म्हणालो, "एक दिवस थांबली असतीस तर? कागद झाल्यावर म्हणायचं होतंस."

तिनं मान डोलावली. गुरुजींनी आम्हाला घर नाकारलं, ते मी कधी ना कधी पचवीन. हे माझं वाक्य मात्र मला पचत नाही.

परतीच्या गाडीत भोपाळ आलं तेव्हा ती खिडकीतून बाहेर बघत बसली होती. गोणपाटातलं कलम सीटखाली होतं. माणसं चढली, उतरली, चहावाले ओरडून गेले. तिनं हात जोडले नाहीत.

चारबागला रश्मी आली होती. "क्या हुआ, मिल गया घर?" शांता म्हणाली, "नाही मिळालं बेटा. खारी हवा आहे तिथं, लोखंड गंजतं." शेजारच्या भाभींनाही तिनं तेच सांगितलं. आता कुठं राहायचं ते ठरलेलं नाही. रविवारी मी भाड्याची घरं बघत फिरतो, घरमालक पूरा नाम विचारतात, आणि ते सांगताना मी आता अडखळतो. पूर्वी अडखळत नव्हतो.

कलम बादलीत लावलं आहे. बादली कुठंही उचलून नेता येते म्हणून. ते वाळलं आहे, पण शांता पाणी घालते.

येऊन तीन आठवडे झाले. स्वयंपाकघरातून सकाळी फक्त काडी ओढल्याचा आवाज येतो, मग गॅसचा. परवा रश्मीनं डोळे चोळत मला विचारलं, "पापा, मम्मी का अलार्म क्यों बंद है? मैं रोज़ लेट हो रही हूँ." काल सकाळी मी स्वतःच स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणायला लागलो. तिसऱ्या शीलाशी अडखळलो. इतकी वर्षं तिच्या आवाजामागून म्हणत आलो, त्यामुळे पुढचं आठवेना. ती पुढचा शब्द देईल म्हणून थांबलो. ती पाठमोरी उभी राहून भेंडी चिरत होती. भेंडी संपली, तिनं दुसरी घेतली, आणि मी तसाच हात जोडून उभा राहिलो.