खिडकीच्या पेटीसाठी बिगोनिया

खिडकीतल्या कुंड्या काढायला सोसायटीच्या कमिटीने आम्हाला रविवारपर्यंतची मुदत दिली होती आणि सासऱ्यांनी शनिवारी सकाळीच बॅग भरून दाराशी आणून ठेवली.

भांडण केळीवरून सुरू झालं होतं. बायपासनंतर डॉक्टरांनी एकटं राहू नका म्हणून बजावलं, तेव्हा सासरे गिरीजची वाडी सोडून बोळिंजला आमच्या फ्लॅटमध्ये आले. आमच्या पश्चिमेच्या खिडकीला ग्रिलची बाहेर काढलेली पेटी आहे. जन्म वाडीत गेलेल्या माणसाने तिथे काय लावावं? भल्यामोठ्या कुंडीत केळीचा कोंब! शेजारी अळू. आणि पाणी बादलीने, जणू पाट सोडलाय. खालच्या वहिनींचे वाळत घातलेले कपडे चिखलाने माखले, मग ग्रिलच एका बाजूला झुकली. जित्याची खोड, असं मी मनात म्हटलं आणि म्हणीचा पुढचा भाग गिळून टाकला. त्या दिवसांत तसलं काही मनातही आणायची भीती वाटे.

"कुंड्या काढायच्या तर मीही निघतो," एवढंच ते म्हणाले.

वाडीतल्या घरात दुसरं कोणी नव्हतं. बायपासच्या आधी तिथेच विहिरीपाशी छातीत कळ येऊन पडले, ते नारळ पाडायला आलेल्या माणसाला दिसले म्हणून वाचले. नारळ त्या दिवशी पाडायचे नसते तर? मला शनिवारची सुट्टी होती; नवरा कामावर जाताना म्हणाला, "तूच बघ काहीतरी, माझं ऐकत नाहीत." जसं काही माझं ऐकत होते.

माझ्याकडे एकच उपाय होता. बिगोनिया हलकं, मुळं उथळ, लांबट प्लास्टिकच्या कुंडीत सहज येणारं. पेटी पुन्हा हिरवी झाली की ह्यांचा जीव रमेल आणि जायचं खूळ डोक्यातून जाईल, असा माझा हिशेब. "बॅग राहू दे बाबा, आधी माझ्याबरोबर नर्सरीत चला," म्हटलं. आश्चर्य म्हणजे ते लगेच चपला घालून उभे राहिले.

गोखिवऱ्याच्या बाजूला एक नर्सरी होती. तिथे पोचल्यापासून त्यांची उलटतपासणी सुरू.

"हे देवाला चालतं?"

"माहीत नाही."

"भाजी होते?"

"नाही हो."

"मग करतं काय?"

"दिसतं छान," मी दात आवळून म्हटलं.

मी रंगीत पानांचं एक रोप उचललं. जांभळं, चंदेरी, नजर ठरेना. त्यांनी पान उलटं करून पाहिलं आणि नर्सरीवालीला दुपारच्या उन्हाचं विचारलं. "करपेल," ती म्हणाली. ठेवून दिलं. मग मोठ्या फुलांचं दाखवलं. त्याला रोज बघावं लागतं, वाऱ्याने देठ मोडतो, असं ती म्हणताच तेही ठेवून दिलं. ह्यांना काही आवडणारच नाही, घरी जाऊन हे बॅग उचलणार, आणि नवऱ्याला मी काय सांगणार?

शेवटी ते लहान, मेणचट पानांच्या रोपांपाशी थांबले. लाल आणि गुलाबी बारीक फुलं होती.

"ह्याला पाणी घालायचं विसरलं तर?"

"एखाद-दुसरा दिवस चालतं काका. जास्त पाण्याने कुजतं, विसरल्याने नाही मरत."

तेच त्यांनी पुन्हा फिरवून फिरवून विचारलं. मला वाटलं, म्हातारपणचा चिकटपणा. मग म्हणाले, "हीच द्या."

परतताना रिक्षात मी आनंदाने वेड्यासारखी बडबडत होते. ते रोपं मांडीवर धरून बसले होते.

घरी आल्यावर त्यांनी सगळं स्वतः केलं. कुंड्यांखाली ताटल्या ठेवल्या, म्हणजे खाली थेंब पडणार नाही. कुंड्या तारेने ग्रिलला बांधल्या. केळीची आणि अळवाची कुंडी वॉचमनकडून खाली उतरवली. मी चहा टाकला, आणि कोणी बघत नाही असं पाहून दाराशी ठेवलेली बॅग हळूच आतल्या खोलीत नेली.

हात धुऊन ते बाहेर आले. "बॅग कुठंय माझी?"

"आता कशाला बॅग? रोपं आणलीत ना आपण?"

"तुझ्यासाठी आणलीत. कामावरून दमून येतेस, विसरशील. विसरलीस तरी तगतील अशीच घेतली."

माझा तोल गेला. "मी थेंबभर पाणी घालणार नाही! मारून टाकीन सगळी!"

"म्हणून तर दोन जास्तीची घेतली," ते शांतपणे म्हणाले.

मला रडू फुटलं. लाजबीज काही राहिली नाही. "बाबा, तिथे तुम्ही पडलात तर कोण बघणार आहे? कोणाला कळणार?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता. "आणि इथे पडलो तर पोरी?"

मी आणि नवरा सकाळी दार ओढून बाहेर पडायचो, ते दिवेलागणीलाच परत यायचो. आत जाऊन मी बॅग आणली आणि त्यांच्या हातात दिली.