बोटीची पाडव्याची पूजा

आयुष्यभर लोहाऱ्याच्या फाट्यावर जीप चालवलेल्या माणसाच्या डोक्यात बोट घ्यायचं खूळ शिरावं, आणि तो माणूस नेमका माझा नवरा असावा! धरणावर फिरायला येणाऱ्यांना फेरी मारून आणू, असं तो सगळ्यांना सांगत सुटला. खरं कारण मला ठाऊक होतं. सासूबाईंचं माहेर पाण्यापलीकडं. त्यांचा एकुलता एक धाकटा भाऊ वर्षभर अंथरुणाला खिळलेला. वळसा घालून जाणारा रस्ता इतका उखडलेला की सासूबाईंच्या कमरेला जीप सोसत नव्हती. मागची भाऊबीज तशीच गेली होती. भाऊ पुढची दिवाळी बघेल, असं आता कुणीच म्हणत नव्हतं.

दिवाळीच्या पाडव्याला कोकणातून जुनी बोट ट्रेलरवर आली. असल्या बोटीला स्टर्नड्राइव्ह म्हणतात. इंजिन तिच्या पोटात असतं आणि पंख्याचा पाय मागं बाहेर लोंबतो. तो पाय धरणाचं पाणी ओढून आत देतो, त्या पाण्यानंच इंजिन थंड राहतं. पाय पाण्यात नसेल तर इंजिन चालू करायचंच नाही, असं विकणाऱ्यानं नवऱ्याला बजावून सांगितलं होतं.

पण आमच्याकडं नवी गाडी दारात आली की तिची पूजा होते, आणि पूजा झाली की ती चालू करून दाखवावी लागते. सगळी गल्ली जमली. सासूबाईंनी त्या पायाला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. वरून तांब्याभर पाणी ओतलं आणि म्हणाल्या, आता चालू कर. नवऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं. एवढ्या माणसांत आईला नाही कसं म्हणणार? लगेच बंद करील असं मला वाटलं, पण आरती संपेपर्यंत ते धूड कोरडंच घरघरत राहिलं.

दुसऱ्या दिवशी, भाऊबीजेला, दुपारी आम्ही तिघं बोटीनं निघालो. पाण्याच्या मध्यावर गरमीचा काटा लाल रेषेला टेकला आणि भोंगा वाजायला लागला. नवऱ्यानं इंजिन बंद केलं. पायाच्या जाळीत शेवाळ अडकलंय का बघितलं, जाळी साफ होती. मग त्यानं पंप खोलला. आत पाणी ढकलणारं एक रबरी चाक असतं. त्याच्या निम्म्या पाकळ्या जळून गळाल्या होत्या.

करा अजून पूजा, असं अगदी माझ्या ओठावर आलं होतं. नवऱ्यानं डोळ्यांनीच मला दटावलं आणि आईला सांगितलं, गवत अडकलं होतं. सासूबाईंनी हात पुढं करून ते चाक मागून घेतलं. विहिरीवरची मोटार पाण्याविना चालली की काय होतं, हे शेतात जन्म गेलेल्या बाईला वेगळं सांगायला नको. चाक परत देऊन त्या पदराआड तोंड करून बसल्या. मला त्यांची फार कीव आली. माझा रागही तिथंच निवला.

उरलेल्या पाकळ्यांनी थोडं पाणी चढत होतं. त्यामुळं अगदी मंद चालवायचं, काटा चढला की बंद करायचं, इंजिन निवेपर्यंत वाट बघायची, असं करत आम्ही रखडत निघालो. दिवस मावळला आणि बीजेची कोर दिसायला लागली. भाऊ नसलेली बाई चंद्राला ओवाळते. वेळ टळण्यापेक्षा ते बरं म्हणून मी बोलून गेले, आत्या, इथंच निरांजन लावू का?

"चंद्राला कशापायी? माझा भाऊ हाय अजून," सासूबाई म्हणाल्या. मग मुलाकडं वळल्या. "चालव तू. किती का येळ लागंना, म्या बसते."

पोचलो तेव्हा अंधार झाला होता. मामांच्या, म्हणजे सासूबाईंच्या भावाच्या, सुनेनं दारातच सांगितलं की मामांनी सकाळपासून अन्नाला हात लावला नव्हता. आंघोळ घालून घेतली होती, नवी टोपी मागून घेतली होती, आणि उशीला टेकून दाराकडं बघत बसले होते.

सासूबाई धापा टाकतच आत गेल्या. माझ्याच पूजेपायी उशीर झाला, पोरानं मला कळू दिलं न्हाय, असं काहीबाही सांगायला लागल्या. मामांनी हात वर केला.

"दमानं, आक्का. म्या कुठं जातूय?"

सासूबाईंनी निरांजन लावायला घेतलं. त्यांच्या दोन काड्या मोडल्या, तिसरी मी ओढली.